झऱ्याचे पाणी : ते येते कोठून आणि टिकते कोणामुळे

वसंतात व्याख्याने ठेवण्याची प्रथा पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या काळापासून, म्हणजे १८७५ पासून चालत आली आहे. पुढे ती महाराष्ट्रात गावोगावी पसरली. उन्हे उतरल्यावर आपण जमतो, माठातले गार पाणी पितो आणि ऐकायला बसतो. ह्याच चैत्र-वैशाखात सह्याद्रीच्या उतारांवर दुसरी एक बैठक रोज भरत असते. ती पहाटे भरते. रानातल्या झऱ्याभोवती दहा-पंधरा बाया हंडे-कळश्या ओळीने मांडून बसलेल्या असतात आणि खडकाच्या फटीतून येणारी बोटभर धार पाहत असतात. त्या बैठकीला अध्यक्ष नसतो आणि विषयही एकच असतो. तोच विषय मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मी भूगर्भशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयातून, सभांतून आणि ज्यांच्यात काम केले त्या माणसांकडून. माझे आयुष्य हमाल-माथाडींच्या संघटनेत गेले. मुंबई-नवी मुंबईच्या बाजारांत पाठीवर पोती वाहणारे पुष्कळ कामगार सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी भागातले, जावळी-पाटण-भोरकडचे. त्यांच्या लग्नाकार्याला, जत्रेला, कधी दुःखाला त्यांच्या वाड्यांवर जाणे होते. तेथे एक गोष्ट डोळ्यांत भरली. नवरा शहरात ओझे वाहतो आणि बायको गावी ओझे वाहते. त्याच्या ओझ्याला दर आहे, हजेरी आहे, कायदा आहे. तिच्या ओझ्याची कोठे नोंदही नाही, कारण ते पाण्याचे ओझे आहे आणि झऱ्याचे पाणी फुकट असते असा आपला सर्वांचा समज आहे.

हा समज तपासून पाहणे हेच आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन. झरा म्हणजे निसर्गाने उघडलेला नळ नव्हे. ती एक साठवण आहे. तिच्यात भर कोठून पडते, ती किती पुरते आणि तिचे राखण कोण करते, हे ज्या वाडीला कळले त्या वाडीचा झरा टिकण्याची आशा असते.

प्रथम खडकाकडे पाहू. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने झाकलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर चढून सह्याद्री उभा राहिला. पावसाळ्यात समोरच्या डोंगराकडे नीट पाहिले तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. प्रत्येक थराच्या अंगी दोन स्वभाव असतात. मधला भाग घट्ट असतो; त्यात पाणी शिरते ते केवळ भेगांतून. वरचा भाग, जेथून लाव्हारसातली वाफ बुडबुड्यांनी बाहेर पडली, तो सच्छिद्र असतो आणि झिजून ठिसूळ होतो. विहिरी खोदणारी माणसे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी तांबड्या चिकण मातीचा पट्टा सापडतो.

आता पावसाचे पाणी काय करते ते पाहा. माथ्यावर पडलेल्या पाण्यापैकी काही वाहून जाते आणि काही मुरते. मुरलेले पाणी भेगांतून खाली उतरत जाते ते घट्ट खडकापाशी किंवा तांबड्या मातीपाशी येऊन अडते. खाली वाट नाही म्हणून ते आडवे सरकू लागते. जेथे दरीने डोंगराची कूस कापली आहे तेथे त्या पाण्याला एकदम उजेड दिसतो. तोच झरा. म्हणूनच डोंगरातले झरे एकेकटे नसतात, पुष्कळदा ते एकाच उंचीवर ओळीने सापडतात आणि त्याच ओळीला धरून धनगरवाडे आणि वाड्या वसलेल्या दिसतात. आपल्या पूर्वजांनी भूगर्भशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते, परंतु चूल कोठे मांडावी हे त्यांना ठाऊक होते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर ह्यात आणखी एक भर आहे. तेथे काळ्या पाषाणावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा हा छिद्रांचा दगड. पावसाचे पाणी तो पोटात घेतो आणि सावकाश सोडतो. त्याच्या तळाशी चिकण माती असल्यामुळे पाणी जांभ्याच्या पायथ्याला बाहेर येते. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात कृष्णेसह पाच नद्यांचा उगम मानतात, तो ह्याच प्रदेशातला. श्रद्धेने तेथे हात जोडणाऱ्याने वरच्या पठाराकडेही एकदा पाहावे, कारण गोमुखातून येणारे पाणी त्या पठारावर पडलेले असते.

मग प्रश्न असा येतो की, महाबळेश्वराच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना त्याच डोंगराच्या उतारावरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट का पाहावी लागते? उत्तर खडकातच आहे. काळ्या पाषाणाचे पोट लहान. भेगा आणि छिद्रे भरली की वरचे पाणी ओढ्याने निघून जाते, मग पाऊस कितीही पडो. चार महिन्यांची भर आठ महिने पुरवायची असते. कामगाराच्या घरी दिवाळीचा बोनस येतो तेव्हा तो किती आला ह्यापेक्षा त्यातला शिल्लक किती राहिला ह्यावर पुढचे दिवस ठरतात. झऱ्याचा हिशेब तसाच असतो.

ह्या शिलकीत रानाचा वाटा मोठा आहे, पण तो नेमका काय आहे हे समजून घेतले पाहिजे. झाडे पाणी निर्माण करीत नाहीत. उलट तीही पाणी पितात. झाडांचे काम वेगळे आहे. पानांचा मांडव पावसाचा मारा आपल्या अंगावर घेतो, खाली पडलेला पाचोळा पाण्याचा वेग मोडतो आणि मुळे व त्यांच्याभोवतीचे किडामुंगीचे जग जमीन भुसभुशीत ठेवते. पाण्याला मुरायला उसंत मिळते. वणव्याने पाचोळा जळाला की पहिल्याच वळवाने उघड्या मातीवर पापुद्रा धरतो आणि त्यानंतरचे पाणी घसरून जाते. सह्याद्रीत देवरायांच्या आश्रयाला पुष्कळ झरे आणि कुंडे आढळतात, ती ह्या कारणाने. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात ह्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा सुशिक्षितांचे लक्ष तिकडे गेले. देवाच्या भीतीने कुऱ्हाड थांबली आणि तिचा लाभ पाण्याला झाला. आज ती भीती ओसरत आहे. तिची जागा समजुतीने घेतली पाहिजे, नाहीतर ती रिकामीच राहील.

येथे एक सावधगिरीची सूचना. झऱ्याच्या तोंडाशी दहा झाडे लावली आणि फलक उभारला म्हणजे झरा वाचला असे होत नाही. पाणी जेथे बाहेर येते तेथे ते मुरलेले नसते. ते वर कोठेतरी, कधी अर्धा-एक किलोमीटरवर, कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही मुरलेले असते, कारण भेगा आणि थरांचा कल माणसाच्या गावशिवेचा मान राखत नाही. म्हणून चर खणायचे, बांध घालायचे, वणवा अडवायचा, तर तो त्या मुरणाच्या जागेवर. सिक्कीम राज्याने २००८ साली ‘धारा विकास’ नावाचे काम सुरू केले, त्याचे मर्म हेच होते. गावच्या तरुणांना झऱ्याचा भूगोल शिकवायचा, मुरणाची जागा हुडकायची आणि रोजगार हमीच्या मजुरीतून तेथे चर व तळी खणायची. ह्या कामात पुण्याच्या ॲक्वाडॅम ह्या भूजल-संस्थेचा सहभाग होता, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने देशात सुमारे ५० लाख झरे असावेत असा अंदाज दिला. त्यांपैकी सुमारे ३० लाख हिमालयात, आणि तेथले जवळजवळ निम्मे आटत चालल्याचे त्यात म्हटले आहे. म्हणजे हा प्रश्न एका वाडीचा नाही.

आता मोजमापाकडे वळू. संघटनेच्या कामात मी एक धडा शिकलो. ज्याचे माप नाही त्याची मागणी करता येत नाही. झऱ्याचे माप घ्यायला यंत्र लागत नाही. तेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा आणि हातातले घड्याळ पुरे. धार डब्यात धरावी आणि तो किती मिनिटांत भरतो ते पाहावे. समजा, दिवाळीच्या सुमारास डबा ३ मिनिटांत भरला. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७,२०० लिटर. सरकारच्या जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले. त्या हिशेबाने हे पाणी १३० माणसांना पुरते. तोच डबा मे महिन्यात भरायला १५ मिनिटे लागली, तर दिवसाचे पाणी १,४४० लिटर झाले आणि ते २६ माणसांपुरते उरले. वाडीत माणसे मात्र तेवढीच असतात. उलट मे महिन्यात मुंबईकर पाहुणे आलेले असतात.

ह्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. झरा चोवीस तास वाहतो, माणूस चोवीस तास भरू शकत नाही. रात्री ९ ते पहाटे ५ ह्या आठ तासांत मिनिटाला एक लिटरने ४८० लिटर, म्हणजे १५ लिटरचे ३२ हंडे पाणी ओढ्याला जाते. बायांना हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच त्या रात्री दोन-तीनला उठून झऱ्यावर जातात आणि वाटी-करवंटीने पाणी उपसून हंडा भरतात. ही रात्रपाळी आहे. तिला भत्ता नाही आणि वाटेत साप-जनावराचे भय आहे. झऱ्याखाली पाचशे लिटरची झाकलेली टाकी बांधली की ही रात्रपाळी बंद होऊ शकते. झऱ्यावरच्या सुधारणांत इतकी स्वस्त आणि इतकी मोठी सुधारणा दुसरी नसेल, आणि तरी ती पुष्कळ ठिकाणी झालेली नाही, कारण योजना आखणारे रात्री तेथे जात नाहीत.

ओझ्याचाही हिशेब करू. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरच्या मापाने रोज २७५ लिटर पाणी लागेल. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर १५ लिटरचा हंडा आणि कमरेवर १० लिटरची कळशी, अशी एक खेप २५ लिटरची धरली तर ११ खेपा होतात. जाणे, थांबणे, भरणे, चढण चढून येणे ह्याला पाऊण तास धरला तर सव्वाआठ तास झाले. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी लढे दिले. येथे स्वयंपाक, शेत आणि गुरे ह्यांच्या आधीच आठ तास संपले! अर्थात कोणतीही बाई ११ खेपा घालत नाही. ती चार खेपा घालते, माणशी २० लिटरवर घर चालवते, धुणे झऱ्यापाशी नेते आणि स्वतःच्या अंघोळीला कात्री लावते. चार खेपांचेही तीन तास होतात. जेथे मुलगी शाळेच्या वयाची आहे तेथे ह्या तीन तासांतला एक वाटा तिच्याकडे जातो.

माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा अंगमेहनतीच्या ओझ्याला प्रथमच मंडळ, नोंदणी आणि हक्काची मजुरी मिळाली. त्यापूर्वी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, ज्या ओझ्याने इजा होईल असे ओझे कोणाही कामगाराला उचलायला लावू नये, असा नियम घातला होता. वजन, अंतर, थप्पीची उंची ह्यांवरून आम्ही मालकाशी भांडत आलो. हंडा वाहणारी बाई हीदेखील माथाडीच आहे. तिचा मालक कोण हे सांगता येत नाही, म्हणून तिचे गाऱ्हाणे कोणासमोर मांडावे हेही कळत नाही. ते निदान गावाच्या सभेत मांडले जावे.

झऱ्याचे पाणी शुद्ध असते काय? पुष्कळदा असते, नेहमी नसते. माती आणि ठिसूळ खडकातून सावकाश झिरपलेले पाणी गाळून आलेले असते. परंतु घट्ट खडकाच्या रुंद भेगांतून आलेले पाणी गाळले जात नाही. वरच्या अंगाची घाण ते जशीच्या तशी घेऊन येते. ओळखायची खूण साधी आहे. जोराच्या पावसानंतर काही तासांतच झरा गढूळ झाला, तर पाणी आखूड वाटेने येते आहे असे समजावे आणि ते उकळल्याशिवाय पिऊ नये. हगवण, कावीळ, पटकी हे रोग स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातूनही येतात; पाण्याचा निर्मळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. म्हणून वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, आरोग्य केंद्रामार्फत पाणी तपासून घ्यावे. झऱ्याचे तोंड दगडी पेटीने झाकावे, पाणी नळीने बाहेर काढावे, म्हणजे त्यात हात-भांडी बुडत नाहीत. धुण्याचा दगड आणि गुरांचे डोण खालच्या अंगाला, अंतर राखून असावे. वरच्या अंगाला शौच किंवा खताचा ढीग मुळीच नसावा. टाकी भरल्यावरचे पाणी ओढ्यात सोडावे. भेकर, गवे, पाखरे, मधमाश्या ह्यांनाही वैशाखात तहान लागते आणि झरा त्यांच्याही रानातला आहे.

एक चूक मात्र पुष्कळ ठिकाणी उत्साहाने होते. धार बारीक झाली की लोक पहारीने तोंड मोठे करतात, सुरुंगही लावतात. पाण्याला ज्या थराने अडवून धरले आहे तोच थर फुटला तर पाणी खाली निघून जाते आणि झरा कायमचा मरतो. तोच परिणाम वरच्या अंगाला खोल बोअर मारल्याने होऊ शकतो. १९९३ साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा केला आणि सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली, ती अशाच अनुभवावरून.

राहिला प्रश्न मालकीचा. झरा कोणी बांधलेला नसतो, म्हणून त्यावर सर्वांचा हक्क असावा हे उघड वाटते. आपल्या समाजात ते कधीच उघड नव्हते. कामगार हितवर्धक सभेचे सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, परंतु ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तेथे पाणी प्राशन केले आणि त्यावर उठलेला दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी-तळ्यांवरचा भेद मोडला, तरी १९७२ साली हमाल पंचायतीच्या बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. बोले आणि आढाव हे दोघेही कामगारांचे पुढारी होते, हा योगायोग मला वाटत नाही. कष्टकऱ्यांची एकी करू पाहणाऱ्याला पाणवठ्यावरची फूट दिसल्यावाचून राहत नाही. आजही एखाद्या झऱ्यावर कोणाचा हंडा आधी आणि कोणाचा मागे, हे नंबरावर ठरते की आडनावावर, हे जाऊन पाहण्यासारखे आहे.

झरा वनखात्याच्या हद्दीत असला की गावकरी टाकी-नळीच्या कामाला भितात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३ (२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि जलवाहिनी ह्यांसारख्या शासकीय सोयींसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन, ग्रामसभेची शिफारस असल्यास, मिळू शकते. ग्रामसभेचा ठराव हे ह्यातले पहिले पाऊल आहे, आणि ते गावाच्या हातात आहे.

तेव्हा झरा राखायचा तर झऱ्यावर पाणी भरणाऱ्यांचे मंडळ हवे. आमच्या टोळीसारखेच त्याचे नियम थोडके असावेत. नंबर सर्वांना सारखा. वर्गणी श्रमाची, घरटी वर्षाला ठराविक दिवस: वणव्याआधी जाळपट्टा काढायला, पावसाआधी चर साफ करायला, दिवाळीनंतर पेटी धुवायला. महिन्यातून एकदा माप घेऊन वहीत लिहायचे. आणि मंडळात निम्म्याहून अधिक बाया असाव्यात, कारण ज्याच्या डोक्यावर ओझे असते त्यालाच वाटेतला प्रत्येक खडा माहीत असतो. ह्या वहीची किंमत दोन-तीन वर्षांनी कळते. बोअरला हरकत घ्यायची असो, टाकी मागायची असो की डबर खाणीला विरोध करायचा असो, तारीखवार आकडे असलेली वही साहेबाच्या टेबलावर ठेवली की बोलणे सोपे होते.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण सुट्टीत गावी जातील, काहीजण रानात भटकायला जातील आणि वाटेतल्या झऱ्यावर बाटली भरून घेतील. अवश्य भरावी, परंतु वरच्या अंगाला साबण लावू नये, बाटली तेथे टाकू नये आणि बायांचा नंबर लागला असेल तर आधी विचारावे. ज्यांचा स्वतःचा गाव डोंगरात आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. ह्या मे महिन्यात झऱ्यावर जाताना हातात घड्याळ आणि पंधरा लिटरचा डबा न्या. डबा किती मिनिटांत भरला ते, तारखेसह, घरातल्या एखाद्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि ती वही पाणी भरणाऱ्या बाईच्या हाती द्या.